पाच नंबरच्या दारावरची तार

“मावशी, अकरा दारांवरच्या तारा एका बाजूने गुंडाळल्यात, आणि या पाच नंबरचीच तेवढी दुसऱ्या बाजूने... असं का गं?”

स्टुलावर उभ्या असलेल्या भाचीने हे अगदी सहज विचारलं, कानावर पेन्सिल खोचून, मान वर करून. पण खाली चहाचा कप घेऊन उभी असलेली थोरली, तिच्या आईची मोठी बहीण, एकदम दचकली! कप पडला नाही. बाजाराच्या दिवशी साठ-साठ माणसांना वाढलेले हात ते, एवढ्या-तेवढ्याने काय पाडणार! पण चहा बशीत हिंदकळला, बशीतून बोटांवर आला, आणि चटका बसूनही तिने बोटं हलवली नाहीत.

“असेल काहीतरी,” ती म्हणाली. “आधी चहा घे, निवतोय.”

“असेल काहीतरी म्हणजे काय? कारणाशिवाय कोणी उलटं करतं का?”

या पोरीला प्रश्न पडायचे ते असे! तीन आठवड्यांपूर्वी ती खांद्यावर मोजपट्टीची पिशवी अडकवून सराईच्या दारात उभी राहिली होती. गावाने ही जुनी सराई वाचनालयासाठी घेतली होती, उद्घाटनाच्या दिवशी वाटायला सराईच्या इतिहासाची एक पुस्तिका छापायची होती, आणि कॉलेजने त्यासाठी जुन्या इमारतींचा अभ्यास करणारी ही मुलगी पाठवली होती. किल्ल्या अजून थोरलीकडेच होत्या; मागच्या अंगणातल्या धुण्याच्या खोलीत ती एकटी राहायची. दार उघडलं तेव्हा तिने मुलीला तू कोण, कुठली, काही विचारलं नाही. ती हनुवटी तिने ओळखली. धाकटीची हनुवटी... सव्वीस वर्षांत एकदाही जवळून न दिसलेली!

“आईला ठाऊक आहे, तू इथे आलीस ते?” एवढंच तिने विचारलं होतं.

“मी कुठलीशी जुनी इमारत मोजतेय, एवढं ठाऊक आहे. मला एक मावशी आहे, एवढं मला ठाऊक होतं. तुम्ही दोघी बोलत का नाही म्हणून विचारलं, की आई उठून भांडी घासायला लागते. घासलेली सुद्धा!”

त्यावर थोरली हसली होती आणि मग पाठ फिरवून बराच वेळ किल्ल्यांचा जुडगा चाचपत राहिली होती.

पण खरं सांगायचं तर हे तीन आठवडे तिच्या आयुष्यातले फार आनंदाचे गेले. इतक्या वर्षांत कोणी तिला काही विचारलंच नव्हतं! आणि ही पोर तर भिंतीतल्या प्रत्येक खिळ्याची चौकशी करायची. अंगणातल्या भिंतीत लोखंडी कड्या दोन रांगांत का? वरच्या घोड्यांसाठी, खालच्या मेंढ्यांसाठी. मेंढी वरच्या कडीला बांधली तर फास बसतो, आणि घोडा खालच्या कडीला बांधला तर तो रुसतो. जिन्याच्या पायऱ्या डावीकडेच का झिजल्यात? कारण माणसं उजव्या खांद्यावर गाठोडं घेऊन चढायची आणि आपोआप डावीकडे कलायची. आठ नंबरच्या खोलीत जमिनीवर तो गोल डाग कसला? तिथे अंड्यांचा व्यापारी उतरायचा, पाट्या उशाशी घेऊन झोपायचा. एका उन्हाळ्यात तापाने तीन आठवडे अडकून पडला आणि एका सकाळी पाट्यांमधून चिवचिव सुरू झाली. “बाबा म्हणाले, उतारू एक आणि उतरले सत्तेचाळीस!” हे सांगताना थोरली इतकी हसली की तिला खोकला आला. आपल्याला इतकं हसता येतं, हे ती विसरूनच गेली होती.

आणि घंटा! भाचीला सगळ्यांत जास्त वेड लावलं ते घंटांनी. स्वयंपाकघरात चुलीच्या वर एक लांब फळी होती, तिच्यावर बारा खोल्यांच्या बारा लहान घंटा. प्रत्येक खोलीत पलंगाच्या उशाशी दोरी. दोरी ओढली की भिंतीतून गेलेली तार खेचली जायची आणि खाली त्या नंबरची घंटा वाजायची. गंमत होती ती दारावरच्या लोखंडी आकड्यात; त्याला गुंडाळून तार ताणलेली असली, तरच घंटा वाजायची. सराई बांधणाऱ्या खापरपणजोबांचा नियम असा होता की खोली रिकामी झाली की दाराच्या चौकटीवर जाऊन तार आकड्यावरून सोडवायची, नाहीतर वाऱ्याने, मांजराने आणि टवाळ उतारूंनी दिवसभर घंटा वाजवून भंडावून सोडलं असतं. आणि खोलीत माणूस आला की तार परत आकड्याला तीन वेढे घालून गुंडाळायची. ‘माणूस आत, तार वर, खोली रिकामी, तार खाली.’ या घरातल्या लेकरांनी पाढ्यांच्या आधी हे पाठ केलं होतं.

“तुम्हाला सांगते, मावशी,” चहाचा घोट घेत भाची म्हणाली. उत्साहात आली की ती ‘तू’चं ‘तुम्ही’ करायची, जणू वर्गापुढे उभी आहे. “मी काल हाताने गुंडाळून बघितलं. मी डावरी आहे ना? माझे वेढे आपोआप या अकरा दारांसारखे पडतात. म्हणजे ही अकरा दारं डावऱ्या माणसाने केली. आईच! आईपण डावरी! वरचा मजला आईकडे होता, असं तुम्हीच म्हणालात.”

“होता.”

“मग पाच नंबर कोणी केला?”

ताकास तूर लागू द्यायची नाही, असं थोरलीने सव्वीस वर्षं केलं होतं, आणि ते तिला छान जमलंही होतं. कारण समोरची माणसं तिला बघून बोलायची, तारांकडे कोणी बघत नव्हतं.

“आजोबांनी असेल,” ती म्हणाली.

“आजोबा अंथरुणावर होते ना तेव्हा?” भाचीने वहीचं पान उलटलं. “तू सांगितलंस, तो या मजल्याचा शेवटचा दिवस. बाजार भरलेला, अकरा खोल्या भरलेल्या, पाचमध्ये आजोबा. ते गेले, दुसऱ्या दिवशी उतारू निघून गेले, मजल्याला कुलूप लागलं आणि ते परत उघडलंच नाही; बाजारही त्याच वर्षी मोठ्या रस्त्यावर गेला. म्हणजे या तारा त्या दिवशी जशा होत्या तशाच आहेत!”

तशाच आहेत... थोरलीने वर पाहिलं. तीन वेढे. घाईने घातलेले, एकावर एक चढलेले. तिच्याच हाताचे!

त्या सकाळी टपालाने धाकटीच्या नावाचं पत्र आलं होतं. मोठ्या शहरातल्या इस्पितळात नर्सिंगच्या शिक्षणाला तिची निवड झाली होती! एकोणीस वर्षांची पोर, ते पत्र नाचवत साऱ्या घरभर फिरली. बाबा पंधरा दिवस छातीच्या दुखण्याने खाली स्वयंपाकघराशेजारी पडून होते. बाजाराचा गोंगाट त्यांना सोसेना, म्हणून त्यांना मागच्या बाजूच्या शांत पाच नंबरमध्ये हलवायचं ठरलं. खोली धाकटीनेच आवरली. चादर घातली, तांब्या भरून ठेवला, खिडकी उघडली, बाबांना आणून निजवलं, पत्र पुन्हा एकदा वाचून दाखवलं... आणि एवढ्या आनंदात दारावरची तार तेवढी आकड्याला गुंडाळायची राहिली.

दुपारी थोरली ताट घेऊन वर गेली, तेव्हा बाबा पलंगावरून अर्धे खाली झुकलेले होते. मुठीत दोरी होती. घट्ट. गोळ्यांची बाटली समोरच्या फळीवर, चार पावलांवर. तिने नाडी पाहिली, नाकाशी हात धरला... आणि मग तिची नजर दाराच्या चौकटीवर गेली. तार लोंबत होती! त्यांनी दोरी ओढली असणार, पुन्हापुन्हा ओढली असणार, आणि ती चुलीपाशी घंटांच्या खाली बसून सबंध वेळ कान देऊन होती. खाली काहीच वाजलं नव्हतं!

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. उड्या मारत येणारी, कुरकुरणारी सातवी पायरी गाळून आठवीवर पडणारी पावलं. धाकटी! “बाबा, इकडे काय लिहिलंय बघा, गणवेश पांढरा असतो म्हणे!” हातात पत्र होतं तिच्या.

थोरलीजवळ आठ-दहा क्षण होते. त्या क्षणांत तिने काय काय विचार केला, हे तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. एवढंच दिसलं, की ही लोंबती तार त्या पोरीने पाहिली, तर ते पत्र ती चुलीत घालेल, आणि आयुष्यभर कुठल्याच आजाऱ्याच्या उशाशी उभी राहायची नाही. आणि कदाचित स्वतः जगायचीही नाही! थोरली दाराशेजारच्या स्टुलावर चढली. तीन वेढे.

मग आकांत. आई आली, वैद्य आले, दाराशी उतारूंची गर्दी झाली. वैद्य म्हणाले, “दहा मिनिटं आधी कोणी येऊन गोळी दिली असती तर... उशाशी घंटेची दोरी होती ना?” धाकटीने धावत जाऊन ती दोरी ओढली. खाली पाच नंबरची घंटा खणखणली!

“वाजते की! चांगली वाजते!” धाकटी वळली. तिचं ते तोंड थोरलीला अजून दिसायचं. “घंटेखाली तूच बसली होतीस ना, ताई? तुला ऐकू आली नाही, की ऐकायची नव्हती?”

“नाही ऐकू आली,” थोरली म्हणाली.

झालं! त्या तीन शब्दांनी सारं आयुष्य सरलं. धाकटी पंधरा दिवसांनी शहरात गेली ती परत आलीच नाही; आईच्या अंत्ययात्रेला आली, तीसुद्धा फाटकाबाहेर उभी राहून गेली. आई मरेपर्यंत थोरलीच्या हातचं जेवली, पण घंटांखालचं स्टूल तिने त्याच दिवशी उचलून नेलं. कातडी सामानाच्या व्यापाऱ्याकडे थोरलीचं लग्न ठरत आलं होतं; “मुलगी कानाने अधू आहे असं कळलं,” म्हणून त्यांनी निरोप पाठवला. आणि गावाला काय, गाव नाव ठेवायला टपलेलंच असतं! ती ‘बहिरी’ झाली. बाजारात बहिरी, विहिरीवर बहिरी. दूधवाला आजही तिच्याशी दोन गल्ल्यांना ऐकू जाईल असा ओरडून बोलायचा, आणि ती, जिला मांजराचं पाऊल कौलावर कुठे पडलं ते कळायचं, शांतपणे म्हणायची, “हळू बाबा, दूध नासेल.”

“मावशी?” भाची स्टुलावरून उतरली होती. “तुझ्या डोळ्यांत पाणी आहे.”

“धूळ आहे वर. हे बघ,” थोरलीने तिचा हात धरला, “पुस्तिकेत मेंढ्या लिही, अंडी लिही, जिना लिही. हे तारेचं नको लिहूस. आणि आईला... आईला यातलं काही म्हणजे काही सांगू नकोस.”

भाचीचा चेहरा उतरला.

“मावशी... मी आईला फोटो पाठवला. सकाळीच. बाराही दारांचे. विचारलं, तू कशी गुंडाळायचीस, आणि पाच नंबरची वेगळी का आहे...”

थोरली मटकन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. सव्वीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट एका कोवळ्या कुतूहलाने टपालात टाकून दिली होती! रागवायचं तरी कुणावर? प्रश्न विचारायला या पोरीला तिनेच तर लाडावून ठेवलं होतं.

“काय म्हणाली?”

“काहीच नाही. फोटो बघितलेत. उत्तर नाही.”

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भाचीने फोन केला, तो वाजत राहिला. आता सारं समजल्यावर, म्हणजे थोरलीने नाइलाजाने सांगितल्यावर, ती बिचारी स्वतःलाच दूषणं देत होती. आणि उलट थोरलीच तिची समजूत काढत होती. पण मनातून तीही घाबरली होती. धाकटी आता मोठ्या इस्पितळाची मेट्रन होती. भाचीने सांगितलं होतं, कुठल्याही वॉर्डात घंटा वाजली की आई बाकीच्या नर्सच्या आधी पोचते, त्या इस्पितळात सगळे तिला घाबरतात आणि आजारी माणसं तिला देव मानतात. हे ऐकून थोरली किती सुखावली होती! तेवढ्यासाठीच तर सारं होतं. आणि आता...! “देवा, तिला काही होऊ देऊ नकोस. मला बहिरीच राहू दे,” ती शेंगा सोलता सोलता पुटपुटायची, आणि सोललेले दाणे सालांच्या ढिगात टाकायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाची कागद आणायला बाजारात गेली होती. थोरली सराईच्या जुन्या स्वयंपाकघरात खिडक्या पुसत होती. फाटक वाजलं. मग अंगणात पावलं. सावकाश, जड, कुठल्याशा मध्यम वयाच्या बाईची. कोणीतरी वाचनालयाचं बघायला आलं असेल, असं तिला वाटलं. पावलं स्वयंपाकघराकडे वळली नाहीत. ती जिन्याकडे गेली. एक, दोन, तीन... सहा...

आणि सातवी पायरी कुरकुरली नाही.

थोरलीच्या हातातलं फडकं गळून पडलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातून काहीतरी पडलं! वर पावलं मजल्यावरून चालत गेली, थांबली, फार वेळ थांबली. एक दार उघडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही... काहीच नाही...

आणि फळीवरची पाच नंबरची घंटा वाजली!

भाचीने आठवडाभर सगळ्या तारांना तेल घातलं होतं, सगळ्या घंटा वाजवून पाहिल्या होत्या. पाच नंबरला मात्र थोरलीने तिला हात लावू दिला नव्हता. सव्वीस वर्षांनी ती स्प्रिंगवर थरथरत होती, कोळिष्टकं झटकत होती, पुन्हा वाजत होती, पुन्हा, पुन्हा! थोरली धावली. गुडघे कुरकुरले, सातवी पायरी कुरकुरली, तिने कशाकडे लक्ष दिलं नाही.

बाबांच्या पलंगाच्या उघड्या चौकटीवर धाकटी बसली होती. केस पांढरे होत आलेले. दोन्ही हातांत दोरी. तिने वर पाहिलं आणि लहान मुलीसारखी म्हणाली, “ताई... ऐकू आली तुला?”

“आली गं, आली!”

“त्या दिवशी वाजलीच नव्हती...”

“नाही.”

“मी... मी गुंडाळली नव्हती. मीच...!” ती उठली आणि थोरलीच्या पायांवर कोसळली. “आणि मी तुला विचारलं, ऐकायची नव्हती का! मी! अगं, एक शब्द बोलायचास... दहा वर्षांनी तरी! वीस वर्षांनी तरी!”

“काय बोलणार होते? तुझ्या पत्रातला गणवेश पांढरा होता,” थोरली तिला उठवत म्हणाली. “त्याच्यावर मला डाग नको होता.”

“आणि तुझं काय? सगळं गाव तुला बहिरी म्हणत होतं, आणि तू ते रोज ऐकत होतीस!”

इतक्या वर्षांत हे थोरलीला कोणी म्हटलं नव्हतं, तिने स्वतःसुद्धा नाही. आणि जे सव्वीस वर्षं डोळ्यांच्या आत अडून राहिलं होतं ते घळाघळा वाहू लागलं. दोघी बहिणी त्या रिकाम्या पलंगावर एकमेकींना धरून रडत बसल्या. खिडकी उघडी होती. तीच खिडकी, धाकटीने त्या दिवशीसारखी आजही उघडलेली.

“तीन दिवस मी फोन उचलला नाही,” काही वेळाने धाकटी म्हणाली. “वाटत होतं, कुठल्या तोंडाने जाऊ? आणि वॉर्डात घंटा वाजली, तर पाऊलच उचलेना. मग ज्या नर्सला मी रोज रागावते, तीच मला म्हणाली, मॅडम, घंटा वाजल्यावर विचार करत बसायचं नसतं, असं तुम्हीच आम्हाला शिकवलंय. तशीच उठले आणि गाडीत बसले.”

“शहाणी आहे ती पोर,” थोरली डोळे पुसत म्हणाली. “तिला आता रागावू नकोस.”

धाकटी ओल्या डोळ्यांनी हसली. मग ती उठली, स्टूल ओढून दाराशी नेलं आणि चौकटीवर हात घातला. ते घाईचे, एकावर एक चढलेले तीन वेढे तिने एकेक करून सोडवले. तार लोंबली. त्या दिवशीची ती लोंबती तार तिने आज प्रथमच पाहिली. बोटं थांबली, ओठ घट्ट मिटले... आणि मग डाव्या हाताने, जपून, तिने ती परत आकड्याला गुंडाळली. एक. दोन. तीन.

“माणूस आत, तार वर,” ती स्टुलावरून उतरत म्हणाली. “तू बस इथेच. उठू नकोस.”

“आणि तू कुठे निघालीस?”

“खाली. मला घंटेखाली बसायचंय.”

तिची पावलं जिना उतरत गेली, सातवी पायरी गाळून. थोरली पलंगावर एकटी बसून राहिली. आयुष्यभर तिने दुसऱ्यांच्या घंटा ऐकल्या होत्या. दोरी हातात घेऊन स्वतःसाठी कुणाला बोलवावं, असं तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. काय मागायचं असतं, तेही तिला ठाऊक नव्हतं. तिने दोरीला हात लावला, काढला, पुन्हा लावला. मग हळूच, अगदी हळूच, ओढली.

खाली घंटा खणकन वाजली. आणि तिच्या पाठोपाठ, सराईच्या साऱ्या भिंतींतून, जिना दणाणत वर येणारी पावलं आणि तो आवाज आला,

“आले गं ताई, आले!”